रकाना सातवा

मार्च संपला की मी फोन करायला बसते.
इस्पितळाचं तळघर, शेजारी रक्तपेढी,
फ्रिजांची घरघर दिवसभर तळपायांतून वर येते.
बाहेर एम. वाय. रोडवर ऊन, इथे ट्यूबलाइट.

पहिला रकाना वय, दुसरा लिंग,
तिसरा कारण.
आधी आधी कावीळ लिहायचे, नाहीतर दारू.
आता साखर, चरबी, साखर.
डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं ते.

चौथा : यकृत कोणी दिलं.
पत्नी. पत्नी. आई. मुलगी. पत्नी.
एकदा ‘पती’ आलं, तेव्हा वर जाऊन
मूळ फाइल पाहून आले.
चूक नव्हती. सांवेरचा शिंपी होता,
सही मात्र बायकोपेक्षा वाईट.

पाचव्यात कधीतरी येतं : अपघात, मेंदू मृत, नाव गुप्त.
त्या दिवशी गीता भवनापासून विमानतळापर्यंत
सगळे सिग्नल हात बांधून उभे राहतात.

सहावा तारीख.
सातव्यात फक्त आकडा :
एक म्हणजे जिवंत, दोन म्हणजे मृत,
तीन, संपर्क तुटला.

रतलामचे पोरवाल, चौथं वर्ष.
“हाँ बेन, मैं ही बोल रहा हूँ.”
एवढं मला पुरतं. ते मात्र लसणाचा भाव सांगतात,
नातवाचं मुंडण सांगतात, मग विचारतात,
“और कुछ लिखना है क्या?”
एक.

देवासच्या नंबरावर बाई आली.
वो तो राखी के बाद ही गए, म्हणाली,
आणि मलाच धीर देऊ लागली.
देणारी तीच होती. चौथ्या रकान्यात होती.
आपकी तबीयत? मी विचारलं. याला रकाना नाही.
थंडीत टाका खाजतो, म्हणाली.
डॉक्टर म्हणाले होते पुन्हा वाढेल, वाढलं.
पूरा हो गया मेरा तो.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
“पर जो दिया था, वो भी तो जला ना उधर.”

दोन लिहिलं.
चहा आला होता, त्यावर साय धरली.

आकडे वर जातात, वैद्य सरांच्या संगणकात
त्यांचा एक जिना होतो, डावीकडून उजवीकडे उतरणारा.
प्रत्येक मृत्यूला एक पायरी.
सुरुवातीच्या पायऱ्या दाट, पहिले तीन महिने तर पाय ठरत नाही.
मग लांब सपाट जागा, जिथे माणसं लसणाचा भाव सांगतात.
आणि तीनवाले?
त्यांची रेषेवर एक बारीक उभी रेघ. रेषा खाली येत नाही.
सर म्हणाले, हे मेले असं नाही,
आहेत असंही नाही.
एवढंच, की इथपर्यंत होते.

एकशे अठरावी फाइल मी शेवटी घेते, दर वर्षी.
श्रीपाद त्र्यंबक मुजुमदार, एकेचाळीस, पुरुष, दारू.
देणारी : बहीण.
आई त्याला काळजाचा तुकडा म्हणायची तोंडभरून,
वजन कधी कोणी केलं नव्हतं.
माझा सहाशे ऐंशी ग्रॅम भरला.

दोन वर्षं बरा होता. सुदामा नगरात गोळ्यांची डबी घेऊन
माझ्याकडेच जेवायला यायचा, मीठ कमी म्हणून कुरकुरायचा.
मग एका रात्री खिशात बाटली सापडली.
मी जे बोलले ते बोलले.
माझं आहे ते आत, असं बोलले.
तो चपला न घालताच गेला.

फोन लावते. वाजतो. वाजतो. थांबतो.
सातवा रिकामा सोडता येत नाही,
पान पुढे सरकतच नाही.
साडेपाचला रक्तपेढीचा कदम दिवे मालवायला येतो
तेव्हा मी तीन दाबते.

जिन्यावर कुठेतरी एक उभी रेघ पडते.

पण बंद नंबर वाजत नाही.
वाजतो, म्हणजे कोणीतरी रात्री तो फोन
चार्जिंगला लावतं.